लेकीचं लोंगर

सरकारी विमान पुन्हा सुरू होतंय, ही बातमी मला ताईनंच फोनवर दिली. तिच्या मराठवाड्यातल्या गावाहून मुंबईला. कंपनी आता सरकारची राहिलेली नाही, पण आमच्या घरात ते सरकारी विमानच.

"आठवड्यातून चार दिवस आहे. मी पहिल्याच आठवड्यात येते," ती म्हणाली.

मी "ये" म्हणालो.

"आनंद नाही झाला का रे तुला?"

नव्हता झाला. का, ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

वसईजवळ निर्मळला आमची केळीची वाडी आहे. राजेळी केळीचं एक लोंगर, म्हणजे एक अख्खा घड, आई दरवर्षी ताईच्या नावानं राखायची. त्याला सुंभाची गाठ मारली, की ते लेकीचं. घरातल्या कुणी हात लावायचा नाही, तोडायचं तेही ताईनंच. मग केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून आई तिला सुकेळी करून द्यायची. एकदा विमानतळावर तपासणीवाल्यानं ती पुडकी उघडायला लावली होती. ताई त्याला म्हणाली, "दादा, हुंगून बघ, आणि एक खाऊनच बघ." त्यानं खाल्लंन्, आणि दुसरं मागितलं. हा किस्सा आई वाडीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

ताईच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिला तासाभराच्या वर बसवत नाही. विमान तेवढं तिला जमायचं. आणि तेच बंद झालं. त्याच वर्षी आई विहिरीपाशी पडली आणि अंथरुणाला खिळली.

मी वसईच्या कोर्टात कारकून आहे. बायको अंधेरीला जाते. सकाळी एक बाई येऊन आईचं सगळं करून जायची. त्यानंतर मी परत येईपर्यंत आई एकटी. कूस बदलायला कुणी नाही. पाठीला जखमा झाल्या. आधी रुपयाएवढ्या, मग तळहाताएवढ्या. मी मलम लावायचो, आणि वरून चादर ओढायचो.

ताई फोनवर म्हणायची, "मी रेल्वेनं येते. वरच्यावर उठत, आडवी पडत येईन."

"वेडी आहेस का? कंबर पुन्हा जायची. विमान पुढच्या महिन्यात सुरू होतंय म्हणतात."

कुणी म्हणत नव्हतं. पुढची तारीख देणं हे माझं रोजचं काम. समोरचा माणूस तारीख घेतो, कागदावर लिहितो आणि निमूट जातो. ताईही तशीच तारीख घेऊन फोन ठेवायची. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मला तिच्या कमरेची काळजी नव्हती. तिनं आईची पाठ बघू नये, एवढंच मला हवं होतं. जखमा भरल्या की बोलावू, असं मी स्वतःला सांगत होतो.

आई मात्र रोज विचारायची. "लोंगर भरलंय रे. ती कधी येतेय?" खिडकीतून तिला ते दिसायचं. केळी पिवळी व्हायला लागली, पाखरं टोचा मारायला लागली, तसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. एका दुपारी मी लवकर घरी आलो. आईला झोप लागली होती. मी कोयता घेतला आणि लोंगर तोडलं.

जागी झाल्यावर तिनं खिडकीतून पाहिलं.

"ताई येऊन गेली," मी म्हणालो. "तू झोपली होतीस. विमान सुरू झालंय. घाईत होती, परतीचं विमान होतं."

आई म्हणाली, "मला उठवलं नाय?"

"तीच नको म्हणाली."

"पानी तरी दिलंस का तिला?" आई माहेरची चांदीपची, शेवटपर्यंत पानीच म्हणायची.

"दिलं."

केळी मी कोर्टात वाटून टाकली. गोड आहेत म्हणाले सगळे.

त्या दिवसानंतर आई दुपारची झोपेनाशी झाली. डोळे मिटायला लागले की स्वतःच्या मनगटाला चिमटा काढायची. बाई मला म्हणाली, "आजींचा हात बघा, काळानिळा झालाय." मी आईला विचारलं. ती म्हणाली, "परत आली नि मी झोपलेली असले तर?"

दीड महिना ती अशी जागी राहिली. मग गेली.

ताई तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडून आली. तेरा तास. येता आलं असतं तिला, कधीही. ती पोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परतत होतो. बारा दिवस ती कळवळत पलंगावरच होती. वाडीत गेलीच नाही.

आता विमानानं आली. चहा झाला आणि काठी टेकत सरळ वाडीत गेली. मी मागोमाग. केळीचा जुना खांब कापलेल्या जागी पिलाची, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबाची, केळ झालीय, यंदा तिला लोंगर आहे. ताईनं त्याला हात लावला.

"यावर गाठ नाही मारलीस?"

मी केळीचं एक वाळलेलं पान ओढून काढलं.

"आणि त्या वर्षीचं? कुणी तोडलं ते?"

तिथे उभ्या उभ्या मी तिला सगळं सांगितलं. पाठीच्या जखमा, तारखा, कोयता. मनगटाचंही सांगितलं. ताई रडली नाही. तिला उभं राहवेना, म्हणून बांधावर बसली.

"पाठीचं मला कळलं असतं रे," ती म्हणाली. "मी काय तुला मारलं असतं? मलम लावलं असतं दोघांनी." मग, "मी येऊन पाणीही न घेता गेले, असंच ना तिला वाटलं?"

"पाणी दिलं असं सांगितलं होतं मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग काठी घेऊन उठली.

पंधरा दिवस राहायची होती, चौथ्या दिवशी निघाली. विमानतळावर मी तिची पिशवी हातात दिली. हलकी होती, आत सुकेळी नव्हती.

"आता आठवड्यातून चार दिवस विमान आहे, ताई," मी म्हणालो.

"हो, आहे ना," ती म्हणाली, आणि काठी टेकत आत गेली.

घरी आल्यावर मी नव्या लोंगराला सुंभाची गाठ मारली. ते आता पिकलंय. पाखरं येतात. मी तोडत नाही.