पिराजीचे शब्द आणि जाहिदाचा पियानो

औशाच्या बाजारात फारूकभाई भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करत. त्र्याण्णवच्या भूकंपात लातूरच्या एका मिशन शाळेच्या सभागृहाची भिंत तिथल्या पियानोवर कोसळली आणि तो पियानो ट्रकमधून त्यांच्या दुकानात आला. फारूकभाईंनी तोवर पियानो आतून पाहिलासुद्धा नव्हता. सात महिने खपून त्यांनी तो वाजता केला, पण परत न्यायला सभागृहच उभं नव्हतं.

शाळेच्या निवृत्त संगीतशिक्षिका कमलम्मा तो बघायला आल्या, तेव्हा फारूकभाईंची नऊ वर्षांची जाहिदा एका बोटानं त्यावर सूर शोधत बसली होती.

"सभागृह होईपर्यंत राहू द्या इथंच," कमलम्मा म्हणाल्या. "पण पोरीला दर रविवारी माझ्याकडे पाठवा. हे एका बोटानं वाजवायचं वाद्य नाही."

सभागृह व्हायला सहा वर्षं लागली. तोवर जाहिदा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या अवघड रचना वाजवू लागली होती.

मग अकरावी-बारावी आली. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते, जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं येऊन राहत होती. क्लासच्या सरांनी फारूकभाईंना बोलावून सांगितलं, "दोन वर्षं पियानो बंद ठेवा. नंतर आयुष्यभर वाजवू दे."

घरी येऊन त्यांनी लेकीला विचारलं, "तू काय म्हणतेस?"

"वाजवलं नाही तर माझं डोकं चालत नाही, अब्बा."

"मग वाजव. सरांना मी सांगतो."

फिजिक्स आणि बायोलॉजीच्या मधल्या तासाभरात ती सायकलवर शाळेच्या नव्या सभागृहात जाऊन वाजवून यायची. बारावीनंतर तिला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला.

तिथं वॉर्डात लोह्याकडचे पिराजी भेटले. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली होती.

"डॉक्टरीणबाई," त्यांची बायको रुक्मिणबाई दबक्या आवाजात म्हणाली, "ह्यांला पाणी मागता येईना, पर भजन सगळं म्हणतेत. भाऊबंद म्हणतेत, ढोंग हाय."

"ढोंग नाही, मावशी. बोलायची जागा दुखावलीय. गाण्याला मेंदूचा दुसरा भागही हात देतो."

हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, समोर मात्र पहिल्यांदाच पाहत होती. दुसऱ्या दिवशी ती छोटा कीबोर्ड घेऊन आली. 'पाणी दे' हे शब्द तिनं दोन सुरांत बसवले आणि पिराजींच्या डाव्या हातावर ठेका धरून त्यांच्याबरोबर म्हणू लागली. नवव्या दिवशी पिराजींनी ते एकट्यानं म्हटलं. रुक्मिणबाई पेला हातात धरून नुसती उभी राहिली, द्यायचंच विसरली.

डॉक्टर झाल्यावर जाहिदा मेंदूच्या संशोधनासाठी बेंगळुरूला गेली. दिवसा प्रयोगशाळा, संध्याकाळी रियाज. तिथले मार्गदर्शक काळजीनं म्हणाले, "दोन दगडांवर पाय ठेवतेस." तिनं ऐकून घेतलं. त्याच वर्षी ती पियानोची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली.

मग वाचा गेलेल्या मराठी रुग्णांवर तिनं चार वर्षं अभ्यास केला. सुरानंच शब्द परत येतात, असं तिला मनापासून वाटत होतं. आकडे वेगळं बोलले. बऱ्याच जणांना सुरापेक्षा ठेक्याचाच आधार झाला आणि काहींना कशाचाच झाला नाही. पियानोवालीला ते लागलं. दोन दिवस तिनं आकडे पुन्हा तपासले. तिसऱ्या दिवशी तिनं जे दिसलं तेच लिहिलं. तो लेख छापून आला तेव्हा परदेशातल्या दोन संशोधकांनी तिच्याकडून ठेक्याची पद्धत मागवून घेतली.

आता ती हैदराबादला असते. आठवड्याचे चार दिवस संशोधन, उरलेले पियानोचे. वर्षाला तीन-चार मैफिली. महिन्यातून एकदा ती नांदेडला येते आणि रुग्णांच्या घरच्यांना शब्द ठेक्यात कसे बसवायचे ते शिकवते. मागच्या खेपेला एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, ह्यातली तुमची हौस कुठली?"

जाहिदा हसली. "हौस म्हणायला मला टीव्हीवरचं क्रिकेट आवडतं," ती म्हणाली, आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.