उपळसरीची मुळं आणि मामांचा कोरा चहा

हळर्णच्या माझ्या मामांचा गुडघा सुजला, तेव्हा मामीने काजूच्या बागेमागून उपळसरीची मुळं खणून आणली, सहाणेवर उगाळून लेप लावला. सूज उतरली. मामा म्हणाले, डॉक्टरच्या गोळ्यांनी. मामी म्हणाली, मुळांनी. मी नुकतीच औषधी वनस्पतींवर संशोधन करू लागले होते, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला.

मामीने दिलेली मुळं मी सावलीत वाळवली, दळली, त्यांचा अर्क काढला. चाचणीच्या दिवशी दोघं साखरपुड्याला आल्यासारखी नटून प्रयोगशाळेत हजर! मामांच्या हातात कोऱ्या चहाचा थर्मास. दिवसभर तो पितात आणि मामीची बोलणी खातात.

आधी सुजेची चाचणी. अंड्याचा पांढरा भाग पाण्यात मिसळून तापवला की गढूळ होतो. अर्काने ते गढुळणं रोखलं, तर त्यात सूज उतरवण्याचा गुण असण्याची शक्यता. मामांनी वाकून पाहिलं.

"अंड्याक ढोपर असता काय गो?"

"गप ऱ्हवा तुमी," मामी म्हणाली. अर्काची नळी बरीच नितळ राहिली, तशी मामी अशी ताठ झाली की जणू अंडंही तिनेच घातलं होतं.

मग अँटिऑक्सिडंटची चाचणी. जांभळं द्रावण जितकं पिवळं पडेल तितका गुण जास्त. मुळांच्या अर्काने ते सावकाश फिकटत गेलं. मामांना राहवेना.

"हेच्यात माझी चाय घाल बघू."

हौस म्हणून घातली. द्रावण बघता बघता पिवळं!

"बघलंस? आणि ही माका चाय बंद कर सांगता!"

नळीतलं जसंच्या तसं शरीरात घडत नाही, हे मी परोपरीने समजावलं. ऐकायला होतं कोण? म्हापशाच्या स्टँडवर मामांनी त्या पिवळ्या द्रावणाची गोष्ट कंडक्टरलासुद्धा सांगितली.

पुढच्या रविवारी हळर्णला गेले, तर मामा ओसरीवर पाय लांब करून बसलेले. गुडघ्याला फडकं, त्यातून ओघळणारं तपकिरी पाणी.

"मामी, हे काय?"

"चाय पावडर वाटून लावलंय, सूज परत येव नये म्हणान. तुझ्याच नळीत जिंकली मा ती?"

"आणि प्यायला?"

"प्यायला खंयची? सगळी लेपाक लागता."

मामी आत गेल्यावर मामांनी मला जवळ बोलावलं, दाराकडे बघत आवाज खाली आणला आणि म्हणाले, "गो, तो निकाल परत घेऊंक येता काय?"