गुहागरचा लाल रस्ता

आमच्या थोरल्या साडूंइतका रस्त्याला भ्यालेला माणूस परमेश्वराने दुसरा घडवला नसेल, आणि घडवला असलाच तर तो घराबाहेर न पडल्यामुळे कोणाच्या दृष्टीस पडलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढायला होते. कचेरी घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी ते रस्ता टाळून मागल्या परसातून, दगडी कुंपणाचे दोन गडगे ओलांडून जात. एकदा गडग्यावरून पडून त्यांचा हात मोडला. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "हा अपघात रस्त्यावरचा नव्हे. हा धरायचा नाही." भाट्याच्या पुलावरून ते कठड्याला खेटून, रहदारीच्या बाजूला छत्री आडवी धरून चालत. पूल चांगला सरळ आहे असं म्हटलं की म्हणत, "तेच वाईट. सरळ रस्त्यावर माणूस गाफील असतो." एस.टी.त बसायची वेळ आलीच तर प्रत्येक वळणाला दरीच्या उलट बाजूला सरकत आणि शेजाऱ्यालाही सरकवत. लांज्याला जाताना एकदा त्यांनी अशी अर्धी गाडी डावीकडून उजवीकडे नेली होती. शेवटी ड्रायव्हरने गाडी उभी केली आणि गाडी कोण चालवतंय ते आधी ठरवा असं सांगितलं.

ह्या भीतीतून त्यांचा नकाशा जन्माला आला. दर्शनी खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीवर, थेट काचेवर, त्यांनी जिल्ह्यातले रस्ते काढलेला ट्रेसिंग पेपर चिकटवला होता. त्यावर दुसरा कागद वळणांचा, तिसरा उतारांचा, चौथा दरडी कोसळतात त्या जागांचा, आणि सगळ्यांच्या वर अपघातांचा. कुठे काही घडल्याचं कानावर आलं की त्या जागी लाल शाईचं टिंब पडे. सकाळी ऊन आलं की सगळे कागद एकमेकांतून दिसायचे. वळण, उतार, दरड आणि टिंबं जिथे एकावर एक येत तिथे बोट ठेवून साडू चहाचा घोट घेता घेता म्हणत, "पुढचा इथे." आलेल्या पाहुण्याला त्याच्या गावचा रस्ता दाखवल्याशिवाय ते निरोप देत नसत. पुष्कळ पाहुणे मग मुक्कामालाच राहत आणि आक्का मुकाट्याने भाताला दोन मुठी जास्त घेई. पुढे पुण्याच्या एका कचेरीत संगणकावर असेच थरावर थर ठेवून नकाशे करतात असं कळलं, तेव्हा साडू जीव मुठीत धरून ते बघायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "आपलंच काम आहे. फक्त त्याला गार खोली लागते."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण साडूंना एकुलती एक मुलगी होती, नलू, आणि ती लग्नाची झाली. लोक पत्रिका बघतात, साडू खिडकी बघत. देवरुखचं एक चांगलं स्थळ पुलाअलीकडच्या वळणावर गेलं, राजापूरचं घाटात गेलं. त्यांच्या मनात भरलं ते मुरुडचं, दापोलीकडचं, कारण त्या रस्त्यावर एकही टिंब नव्हतं. मुलगा मी पाहिला होता. त्याच्याशी बोललं तर तो उत्तर देत नसे आणि न बोललं तर रुसत असे. "स्वभाव काय, बदलतो," साडू म्हणाले, "रस्ता कुठे बदलतो?" नलूच्या मनात मात्र डी.एड.ला तिच्या वर्गात असलेला, आता गुहागरला मास्तर झालेला मुलगा होता. त्याचे वडील गुहागरच्या गाडीवर कंडक्टर. गाडी रत्नागिरीला मुक्कामाला आली की ते हमखास साडूंच्या ओटीवर येत, आणि साडूंचा त्यांच्यावर फार जीव. स्थळ सगळ्या बाजूंनी बसत होतं. बसत नव्हता तो रस्ता. चिपळूण ते गुहागर खिडकीत नुसता गोवर उठला होता.

कंडक्टर रीतसर मागणी घालायला आले तेव्हा मी तिथेच होतो. परीटघडीचे कपडे, डोक्याला तेल, हातात नारळ. बसले, पाणी प्यायले आणि सवयीने आधी बातमी सांगून मोकळे झाले. "भाऊ, आज काय सांगू तुमाला! चिऱ्यांचा टरक गेला ना गडग्यात. डायवरान् उडी मारलीन् म्हणून वाचला!" साडू उठले, नेमकं ठिकाण विचारून टिंब दिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि परत येऊन बसले. "तुमच्यासारखी माणसं शोधून मिळायची नाहीत," ते म्हणाले, "पण मुलगी देता यायची नाही. रस्ता बघा तुमचा."

कंडक्टर खिडकीकडे बघत राहिले. आत नलू रडत होती ते बाहेर ऐकू येत होतं. तेवढ्यात आक्का पिठाच्या हातांनीच दारात आली.

"अहो, ह्या रस्त्यावरचं तुम्हाला सांगतं कोण?"

"हेच सांगतात. दर खेपेला."

"आणि मुरुडच्या रस्त्यावरचं?"

"तिकडे कोण आहे आपलं सांगायला?"

"म्हणून तिकडे कोणी पडत नाही नि कोणी मरत नाही होय? ह्यांनी बिचाऱ्यांनी कोणाची सायकल घसरली तरी येऊन सांगितलं, आणि त्यांच्याच घरात पोर द्यायची नाही?"

साडू खिडकीशी गेले. देवरुखला त्यांचा मावसभाऊ होता, राजापूरला शाळासोबती. जिथे जिथे बोलणारं माणूस होतं तो तो रस्ता लाल होता आणि जिथे कोणी नव्हतं तो कोरा. मला वाटलं, आता त्यांच्या जिवाला स्वस्थता मिळेल. झालं उलटंच. "म्हणजे सगळंच लाल," ते पुटपुटले. इतकी वर्षं ज्या कोऱ्या रस्त्यांच्या भरवशावर हा माणूस जगत होता, ते एका वाक्यासरशी गेले होते. एरवी मी त्यांना हसायची संधी सोडत नसे. त्या दिवशी मला त्यांची दया आली. शेवटी ते कंडक्टरांसमोर येऊन बसले आणि त्यांनी स्वतःच नारळ हातात घेतला. म्हणाले, "मग गुहागरच बरं. निदान तिथलं मला कळेल तरी."

लग्न झालं. कंडक्टर आता व्याही झाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी एकाही अपघाताची बातमी आणली नाही. सुनेच्या बापाला कोण कशाला घाबरवील? "रस्ता एकदम झ्याक हाय, भाऊ," असं म्हणून ते नलूने दिलेल्या सुपाऱ्या पुढे करत. साडू समजून होते. मग ते संध्याकाळी गुहागरच्या गाडीच्या वेळेला स्टँडवर जाऊ लागले, तेही भर बाजारातल्या रस्त्याने. गाडी आली की कुठे खरचटलंय का बघत तिच्याभोवती एक चक्कर मारायचे आणि व्याह्यांना न भेटताच परत फिरायचे. नलू माहेरपणाला यायची असली म्हणजे दुपारपासूनच जाऊन उभे राहायचे.

साडू गेले ते घरीच, झोपेत, रस्त्यापासून लांब. नलूला निरोप गेला आणि ती त्याच गाडीने, त्याच रस्त्याने आली, सुखरूप आली. तिला घ्यायला स्टँडवर मी गेलो होतो. आपण कशासाठी आलोय हे ठाऊक असूनही, गाडीतून उतरल्यावर पोर कितीतरी वेळ माझ्या मागे बघत राहिली.