कुंभार्लीच्या घाटातली टोपी
लिंबाच्या सालीचा वास आला की मी अजून थेट कुंभार्लीच्या घाटात जाते. ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या घरातली पहिली बीए मी, आणि कऱ्हाडला शिक्षिकेच्या नोकरीची मुलाखत होती. एसटी सुटायच्या आत सोबत निघालेल्या वडिलांनी सगळ्या गाडीला सांगून टाकलं, “आमची बाय बीए झालीय, पण गाडी लागते तिला.” झालं! कुणी लिंबू दिलं, कुणी आवळासुपारी, कुणी म्हणे पोटावर वर्तमानपत्र बांध. मागची म्हातारी तर म्हणाली, “पोट सांभाळायला नाय शिकवलानी काय गो कालेजात?” मी इतकी चिडले की सगळं परत केलं आणि ताठ बसले. पोफळी मागे पडली, वळणं सुरू झाली, डिझेलचा वास डोक्यात चढला आणि सगळं घशाशी आलं. खिडकी उघडेना, अंगावर एकुलती एक इस्त्रीची साडी. वडिलांनी डोक्यावरची कोरी पांढरी टोपी काढून माझ्यापुढे धरली. “कर ह्यात. साडी सांभाळ.” साडी वाचली. टोपीशिवाय उंबरा न ओलांडणारा माणूस कऱ्हाडच्या त्या शाळेबाहेर दुपारभर बोडका उभा राहिला. नोकरी मिळाली. पहिल्या पगारात मी अर्धा डझन टोप्या आणल्या, तर म्हणाले, “एवढ्या कशाला? अजून गाडी लागते काय तुला?” लागते. निवृत्त झाले तरी लागते, पण गाडीभर सांगत सुटणारं आता कुणी नाही.