मॅडमच्या कमरेवरचा हंडा

खारी गावाला खेटून आमची बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा बिल्डरने चोवीस तास पाणी सांगितलं होतं. त्या चोवीसमधला पाण्याचा तास कोणता, ते मात्र सांगितलं नव्हतं. नळ एक दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढा. बाकीचे दिवस खारीतल्या सार्वजनिक नळावर रांग.

याचा सगळ्यात जास्त घोर शेजारच्या काकूंना होता. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं आणि ठाण्याच्या विहीणबाईंनी स्पष्ट कळवलं होतं, "तुमच्याकडे प्यायला पाणी नाही, बाळंतिणीला न्हाऊ कशाने घालणार? सून पाठवणार नाही." हे सांगताना काकू रडायच्या आणि रडता रडता ड्रमचं झाकण नीट बसवायच्या.

मोर्चे आम्ही आधीही काढले होते, पण आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. मग निवडणूक तोंडावर आली आणि एका उमेदवाराला आमच्या पाण्याचा कळवळा आला. मालिकेत सुनेला छळणारी सासू करणारी एक नटी मीरा रोडला राहायची. तिला तो आमच्या मोर्च्याला आणणार होता. "मॅडम येतायत म्हटल्यावर पेपरवाले येणारच. तुम्ही फक्त हंडे घेऊन लाइनीत उभ्या राहा," तो म्हणाला. हंडे रिकामे हवेत, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही.

तिथेच सगळं फसलं. आदल्या दिवशी काकू म्हणाल्या, "पहिल्यांदा दारी येणाऱ्या सवाष्णीसमोर रिकामा हंडा धरायचा? काहीतरीच काय!" रिकामी घागर आडवी आली तर उंबऱ्यातून मागे फिरणाऱ्या आम्ही बायका. सगळ्यांना पटलं, मलाही. साठवणीचे ड्रम तळापर्यंत उपसले, लग्नातले नावं कोरलेले हंडे चिंच लावून घासले आणि काठोकाठ भरले. वर आंब्याचे डहाळे तेवढे ठेवायचे राहिले.

पडद्यावर आग ओकणारी ती बाई प्रत्यक्षात गोड होती, हे मान्य करायलाच हवं. काकूंनी तिला ओवाळलं. "पाणी हा प्रत्येक बाईचा हक्क आहे," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. फोटोवाल्याला हंडा तिच्या कमरेवर हवा होता, पण तिला तो उचलेना. उमेदवाराने तत्परतेने अर्धा हंडा गटारात ओतला. सगळे मॅडमकडे बघत होते, आम्ही गटाराकडे.

पुढच्या आठवड्यात आम्ही पाण्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी पेपरात आलेला तोच फोटो पुढे सरकवला. "ताई, काठोकाठ भरलेत की! अजून किती पाहिजे?" उमेदवार निवडून आला. मॅडम नंतर दुसऱ्याच कुठल्या वॉर्डात झाडं लावताना पेपरात दिसल्या.

पण तो फोटो ठाण्यातही पोचला होता. मॅडमची मालिका विहीणबाई हातातलं काम टाकून बघायच्या. त्यांचा फोन आला. "अहो, एवढं पाणी आलं नि कळवलं नाहीत? आणि त्यांच्या शेजारी चक्क तुम्ही! सुनेला घेऊन येते."

काकूंनी रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, "खरं सांगू का गं?"

"आधी लेक घरात येऊ दे," मी म्हटलं.

लेक आली, नात झाली. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या घरातला भरलेला हंडा काकूंच्या दारात असायचा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्या दिवसांत आमच्या बिल्डिंगचा फार अभिमान वाटायचा, गळणाऱ्या गच्चीसकट.

बारशाला विहीणबाई चार दिवस राहायला आल्या. हात धुवायला मोरीत गेल्या, तशा आम्ही श्वास रोखून बसलो. नळ घरघरला आणि गप्प झाला. त्या बाहेर आल्या. दाराशी ओळीने हंडे होते. त्या वाकल्या आणि एकेका हंड्यावरचं नाव वाचत गेल्या. एकही नाव काकूंचं नव्हतं.

विहीणबाईंनी पदर खोचला.

"उद्याचा हंडा मी आणते," त्या म्हणाल्या. "तो रांगेचा नळ कुठाय, तेवढं दाखवा."