पाळकसाहेबांची अंघोळ

सखूबाईंनी हाक मारली तेव्हा मी अंगणात चादर पिळत होते. चादर आमच्या यांच्या अंथरुणावरची, सकाळी खराब झालेली. सखूबाई म्हणजे आमच्या अकोल्याच्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. मी धुण्याला बसले की त्या यांच्या उशाशी पंखा हलवत बसायच्या. "बाई, आत या," एवढंच म्हणाल्या. आवाजावरून मला कळलं. तरी मी चादर झटकली, दोरीवर टाकली, कोपरे सारखे केले आणि मग आत गेले. हे गेले होते. आमचे पाळकसाहेब, माझे यजमान... चर्चच्या मंडळीतल्या बाया आल्या, गळ्यात पडून रडल्या, आणि मी त्यांना चटई कुठे आहे ते सांगत होते. महिना उलटून गेला, रडू अजून आलेलं नाही. लोक म्हणतात, बाईची श्रद्धा मोठी. श्रद्धा कसली डोंबलाची! आत नुसतं सुन्न आहे.

मी अमरावतीला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायची, ते अकोल्याच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक. शनिवारी शाळा सुटली की बडनेऱ्याला गाडी बदलून मी अकोल्याला यायची आणि रविवारी रात्री परत जायची. असा आमचा संसार. लेकरू झालं नाही. ते उपदेश वाईट करायचे, हे बायको म्हणून मी सांगू शकते. आवाज बारीक, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची खोड. पण एका नाताळच्या उपासनेत तर त्यांनी कहर केला. येशूबाळाची गव्हाणी सजलेली, रंगीत कागदाच्या झिरमिळ्या, चंदेरी तारा, सगळे नव्या कपड्यांत. आणि हे पुलपिटाच्या चौथऱ्यावरून विचारतात, "देव बाळ होऊन आला, असं आपण दरवर्षी म्हणतो. मग त्या बाळाचे लंगोट कोणी धुतले असतील?" पोरं फिदीफिदी हसली. पुढच्या बाकावर बसलेले आमचे खजिनदार, निवृत्त पोस्टमास्तर, लालबुंद झाले. हे मात्र थांबायला तयार नाहीत. देवाला कोणीतरी न्हाऊ घातलं, त्याचं अंग पुसलं, त्याची घाण काढली. तो माणूस झाला म्हणजे दुसऱ्याच्या हातात गेला, असं बोलतच राहिले. उपासना संपल्यावर खजिनदार मला गाठून म्हणाले, "बाई, पाळकसाहेबाले समजावा. नाताळच्या दिवशी लंगोट?" मी लाजेनं अर्धी झाले. त्या दिवशी करंज्यांचं ताट मी तसंच झाकून ठेवलं. घरी आल्यावर मी म्हटलं, "शोभते काय तुमाले हे?" तर म्हणाले, "कावून? खोटं सांगितलं काय मी?"

नुसतं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. सखूबाईंचे सासरे जन्मभर जिनिंग कारखान्यात कापूस वाहून थकलेले, हगवणीनं अंथरुणाला खिळले. घरातले सगळे पहाटेच मजुरीला जायचे. तर हे रोज सकाळी जाऊन त्या म्हाताऱ्याला न्हाऊ घालायचे, त्याचं धोतर धुवायचे. धर्माची गोष्ट एकदाही काढली नाही. त्या घरात बुद्धाची तसबीर लागून फार दिवस झाले नव्हते. ती वाकडी दिसली म्हणून यांनीच खिळा ठोकून सरळ केली. मंडळीत कुजबुज सुरू झाली, की हा कसला प्रचार? मला काळजी वेगळीच.

"हात धुतले काय?"

"धुतले."

"साबणानं?"

"हो ना बाप्पा."

"पुन्हा धुवा."

आणि ते निमूटपणे पुन्हा धुवायचे.

या उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मी रजा टाकून अकोल्याला आले. पहिल्याच सकाळी कोमट पाण्याची बादली घेऊन जवळ बसले, तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "तू नको." बरं, सखूबाईंच्या नवऱ्याला आणलं, तर त्यालाही नको. आयुष्यभर लोकांची घाण काढणारा हा माणूस, स्वतःचं अंग कोणाला पुसू देईना. तसाच ओल्यात पडून राहायचा. पाठीला जखम झाली. डॉक्टर म्हणाले, ही चिघळली तर माणूस हातचा जाईल. मी समजावलं, चिडले, जेवले नाही, काही उपयोग नाही. बादलीतलं पाणी रोज थंड व्हायचं आणि मी ते अंगणात तुळशीसारख्या वाढलेल्या सब्जाला ओतायची.

शेवटी एका सकाळी त्यांनी पुन्हा मनगट धरलं आणि माझं डोकंच फिरलं. "पुलपिटावर मोठं सांगत होते," मी ओरडले, "देव माणसाच्या हातात गेला म्हणून! तो लेकरासारखा पडून राहिला, धुवून घेतलं त्यानं. अन् तुमी काय त्याच्याहून मोठे हाय?"

त्यांनी तोंड आढ्याकडे फिरवलं. डोळ्यांतलं पाणी कडेनं कानात उतरत होतं. मग त्यांनी माझं मनगट सोडलं. "दुसऱ्याचं धुनं सोपं व्हतं वं," जड जिभेनं म्हणाले, "हे कठीन हाय..."

त्यानंतर रोज सकाळी मी त्यांना अंघोळ घातली. जखम सुकली. पुढेपुढे तर साबण कानामागे नीट लागला नाही म्हणून कुरकुरही करायचे. शाळेच्या सुट्ट्या सोडल्या तर लग्नानंतर सोमवार ते शुक्रवार एकत्र राहिलो ते तेवढेच. दुसरा झटका आला नसता तर अजून राहिलो असतो. देव देहात आला, हे मी शाळेत मुलींना किती वर्षं शिकवलं; नम्रता, प्रेम, असे शब्द फळ्यावर लिहून. त्यात दुसऱ्याच्या हाताखाली पडून राहायची एवढी लाज असते, हे मला त्या खोलीत दिसलं. त्यांनी ती लाज गिळली, माझ्यासाठी. एवढं कळतं. त्यापुढे अजून काही वाटत नाही.

शाळा उघडली, पण मी अमरावतीला गेलेली नाही. बाया डबा आणतात, मी तो तसाच परत पाठवते. कोणाचं काही नको वाटतं. परवा सखूबाई दारात उभ्या राहिल्या. "बाई, डोक्याची काय दशा करून ठेवली? कवा धुतलं व्हतं?"

"पाहीन मी माझं."

"कवा पाहान?" त्या थांबल्याच नाहीत. आपल्या चुलीवरचं पाणी आणलं, शिकेकाई आणली, मला दंडाला धरून न्हाणीत पाटावर बसवलं. मी म्हटलं, "मले नको, तुमी जा." तशा म्हणाल्या, "चूप बसा. पाळकसाहेबाले तुमी काय म्हनलं, ते सारं ऐकलं आमी भिंतीपल्याडून."

मी मान खाली घातली. पहिला तांब्या डोक्यावर पडला आणि मी किंचाळले, "अवो बाई, पोळलं ना मले!"

सखूबाई घाबरल्या. "लय कढत झालं काय? थंड पाण्याचं विसण घालू?"

कढत होतं. चांगलंच कढत होतं... आणि हे गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी लागलं होतं.

"असू द्या," मी म्हटलं. "तसंच घाला."