गाडीच्या मापाचं घर

घर विकत घ्यायला जाऊन घराकडे पाठ करून उभा राहणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके आमचे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातं काही मी निवडलेलं नाही. पदरी पडलं आणि पवित्र झालं, एवढंच. साडूंनी जन्मभर एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासली. पुढे नोकरी सुटली, खिशातली मोजपट्टी सुटली नाही. लग्नाला गेले की आधी जेवणाच्या टेबलाची उंची मोजणार आणि केटररला बाजूला घेऊन सांगणार, "अडीच इंच जास्त आहे. म्हाताऱ्यांचे खांदे भरून येतात." कर्वेनगरला आमच्याकडे नवीन दार बसवलं, तेव्हा चहाच्या आधी चौकट मोजली. "वरून पाव इंच बाहेर आहे. राहू द्या, तुम्हाला चालतंय," असं म्हणून शांतपणे चहा प्यायले. तेव्हापासून मला ते दार वाकडं दिसतं. बायकोला दिसत नाही. ती सुखी आहे.

निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात. यांनी शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि स्वारगेटजवळच्या एका गॅरेजात नेऊन तिचं घर करायला घेतलं. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, देव्हाऱ्यासाठी फळी. प्रत्येक खिळ्याला यांची पट्टी. गॅरेजवाले चाचा शेवटी हात जोडून म्हणाले, "साहेब, एवढ्या दिवसांत मी दोन अ‍ॅम्ब्युलन्स बांधल्या असत्या." पण या वेडाला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे आमची ताई. लग्नापासून हे तिला सांगत आले होते, "रिटायर झालो की कन्याकुमारी दाखवतो." ताईला परक्या गादीवर झोप येत नाही आणि परक्या चहाने तिचं डोकं चढतं, म्हणून मग घरच चाकांवर न्यायचं ठरलं. त्यात तिच्या गुडघेदुखीने उचल खाल्ली. दोन वर्षांत ऑपरेशन करावंच लागेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. म्हणजे कन्याकुमारी त्याच्या आत व्हायला हवी होती.

गाडी बिबवेवाडीला सोसायटीत आली आणि चौथ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'येथील पार्किंग वाहनांसाठी आहे, घरांसाठी नाही.' साडूंनी खाली लिहिलं, 'सूचनाफलक दीड अंशाने कललेला आहे.' गाडी पार्किंगच्या पट्ट्याबाहेर सहा इंच येत होती; पुढे अकरा महिने सेक्रेटरींशी त्या सहा इंचांवरून भांडण चाललं. बाराव्या महिन्यात साडूंनी जाहीर केलं की गाडीला जागा नसेल, तर जागा असलेलं घर घ्यायचं, खेड्यात. लोक घराला गाडी घेतात, हे गाडीला घर घ्यायला निघाले.

मग माझे रविवार गेले. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो आणि साडू हा त्यासाठीच असतो, अशी त्यांची समजूत आहे. हे फाटकात उभे राहणार, रुंदी घेणार, जमिनीवर फक्कीने गाडी वळण्याचा गोल काढणार. एक एजंट बिचारा काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, आत येऊन किचन तरी बघा." साडू मान वर न करता म्हणाले, "किचन गाडीत आहे." एजंट पुन्हा फोनवर आला नाही.

शेवटी सासवडच्या पुढे एका गावात घर मिळालं. दोनच खोल्या, त्यातली एक गळकी. पण पुढे अंगण, चाळीस बाय साठ, शेणाने लख्ख सारवलेलं. साडूंनी ते चारही बाजूंनी मोजलं, उतार मोजला, वरची तारसुद्धा मोजली. रिकाम्या घराचं अंगण इतकं लख्ख कोण ठेवतं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, मी टोक धरून उभा होतो.

फेब्रुवारीत निघायचा दिवस ठरला. निरोप द्यायला आम्ही दोघं आदल्या दिवशीच जाऊन राहिलो होतो. सकाळी साडू नारळ घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले. गाडीच्या चहूबाजूंनी अंगणभर ज्वारीची कणसं पसरलेली. शेजारची म्हातारी पाखरं हाकत बसली होती.

"हे काय आहे?" साडूंनी विचारलं.

"खळं हाय. आमच्या समद्या आळीची ज्वारी पिढ्यान्पिढ्या हितंच वाळतीया."

"घर विकताना मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं व्हतं का?"

आता सेक्रेटरीवाला अवतार निघणार म्हणून मी दोन पावलं मागे झालो. पण हे उकिडवे बसले, कणसातला एक दाणा काढून चावून बघितला आणि म्हणाले, "ओली आहे अजून." ताई घराच्या ओट्यावरून म्हणाली, "राहू द्या हो. कन्याकुमारी काही कुठे पळून जात नाही." साडूंनी नारळ परत आत ठेवला. म्हातारीच्या मागून दुसऱ्या घरची ज्वारी आली, मग तिसऱ्या. खळं मोकळं झालं तोवर ऑपरेशनची तारीख आली. दवाखान्याच्या बाकावर साडू मला म्हणाले, "सगळं मोजलं हो मी. विचारलं तेवढं नाही."

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. अंगण रिकामं, सारवलेलं, आणि गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी. म्हातारीने वाटेसाठी ज्वारीचं पीठ आणून ठेवलंय. गाडीच्या दाराच्या कडेला खालून वर पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येकीपुढे तारीख. ऑपरेशनपासून ताईचा पाय रोज किती वर जातो, त्याची ती नोंद. गाडीची पायरी सात इंचांची आहे. मी म्हटलं, "पायरीच कापून घ्या ना, अर्ध्या तासाचं काम."

"तिने ऐकलं तर रागावेल," साडू हळूच म्हणाले. "तिला सातच चढायचेत."

ताई दाराची दांडी धरून उभी राहिली, ओठ आवळले आणि पाय उचलला. साडू खाली वाकले. मी सवयीने पट्टीचं टोक धरलं आणि आकडा वाचला: सव्वासहा. साडूंनीही वाचला. मग त्यांनी चष्मा सारखा केला, पाव इंच वर रेघ ओढली आणि ताईला ऐकू जाईल असं म्हणाले, "साडेसहा."

मी पट्टीचं टोक सोडलं. राहू द्या, चालतंय.